मखराची तार आणि विमानाचा पंख

पेणमध्ये वाढलेल्या माणसाला गरम तार ओळखीची असते. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ मध्ये बंदी आली. त्याआधी श्रावण लागला की आमच्या आळीत मखरं कापली जायची. लाकडी चौकटीत ताणलेली नायक्रोमची तार, शेजारी छोटा ट्रान्सफॉर्मर आणि तारेवरून हळूहळू सरकणारा पांढरा ठोकळा. हात एका जागी थबकला की तार तिथे खळगा पाडते. घाई केली तर ती मधोमध मागे राहते आणि महिरप वाकडी उतरते. तारेचा वेग हाताला कळावा लागतो. तो कुणाला शब्दांत सांगता येत नाही.

ही तार मला पुन्हा भेटली ती एका विमानाच्या बांधणीत. अमेरिकेतल्या मोजावे वाळवंटात काम करणाऱ्या बर्ट रुटॅन या अभियंत्याने १९७९ मध्ये ‘लाँग-ईझी’ हे दोन आसनी विमान उडवलं आणि त्याचे आराखडे घरी विमान बांधू पाहणाऱ्यांना विकले. या विमानाच्या पंखाला साचा लागत नाही. फोमचा लांब ठोकळा घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाच्या आकाराच्या फळ्या ठोकायच्या आणि त्या फळ्यांच्या कडेवरून गरम तार फिरवायची. पंख मुळाशी रुंद, टोकाला अरुंद. म्हणजे मुळाशी उभ्या असलेल्या माणसाला तार जास्त अंतर न्यायची असते, टोकाच्या माणसाला कमी, आणि तरी दोघांनी प्रत्येक टप्पा एकाच क्षणी गाठायचा असतो. म्हणून फळ्यांच्या कडेवर आकडे लिहितात. एकजण मोठ्याने आकडा म्हणतो, दुसरा त्या आकड्यावर आपलं टोक आणतो. भजनात टाळकरी मृदंगाकडे कान लावून असतात, तशी ही जोडी चालते. एकट्याने हा पंख कापता येत नाही.

नंतर फोमवर काचतंतूंचं कापड अंथरून त्यात इपॉक्सी जिरवतात. इथे इपॉक्सीच लागते, आणि फायबरचं काम केलेल्या कुठल्याही कारागिराला त्याचं कारण ठाऊक असतं. साधं पॉलिस्टर रेझिन थर्माकोलवर ओतलं की त्यातलं स्टायरीन थर्माकोलला डोळ्यांदेखत खाऊन टाकतं. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने हेच लाँग-ईझी बांधून १९८७ मध्ये उडवलं. काचतंतूंच्या विमानाचा हात त्यावर बसला आणि पुढे त्याच प्रयोगशाळेचं दोन आसनी ‘हंसा’ १९९३ च्या नोव्हेंबरात आकाशात गेलं. देशाच्या प्रयोगशाळेनेही सुरुवात घरगुती बांधणीच्या आराखड्यापासून केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हमरापूर-जोह्यापासून पेण शहरापर्यंत गणपतीच्या मूर्तींचे साचे, भराव, घासकाम आणि रंगकाम यांत मुरलेले हजारो हात आहेत. रोह्याला धाटाव औद्योगिक वसाहतीत आणि नागोठण्याच्या पेट्रोरसायन संकुलाभोवती फिटर, वेल्डर आणि फॅब्रिकेटर यांची दुसरी-तिसरी पिढी काम करते आहे. कुठल्या बोल्टला किती ताण द्यायचा, कुठला पाइप कशाने गंजतो, हे त्या पिढ्यांना पाठ आहे. मग अशा गावांत एखादं छोटं विमान का उभं राहू नये? मी या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा कौशल्याची अडचण फारशी कुठे सापडली नाही. अडचण वेगळीच निघाली.

आधी हे विमान असतं तरी कसं, ते पाहू. युरोपात दोन आसनी अतिहलक्या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं वजन दीर्घकाळ ४५० किलोंपर्यंत मर्यादित होतं, संकटकाळी विमानासकट उतरवणारी हवाई छत्री बसवली तर ४७२.५ किलो. या वजनात दोन माणसं, इंजिन, पेट्रोल सगळं आलं. दुसरी अट वेगाची: अगदी मंद उडतानाही, ताशी ६५ किलोमीटरपर्यंत वेग खाली आला तरी, पंखाने उचल धरून ठेवली पाहिजे. त्याच्याही खाली गेलं की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो, उचल संपते. वैमानिक त्याला स्टॉल म्हणतात. उतरताना वेग जितका कमी, तितकी चुकीला माफी जास्त. या दोन आकड्यांमध्ये त्या विमानाचा सगळा स्वभाव आहे.

घरी बांधण्याचे मार्ग दोन. एक आराखड्यावरून, म्हणजे लाकूड, नळ्या, कापड सगळं स्वतः जमवून. दुसरा किटचा. कारखान्याकडून कापलेले, भोकं पाडलेले, क्रमांक घातलेले भाग खोक्यातून येतात आणि जोडणी आपण करायची. आपल्या देशातलं या दुसऱ्या जातीचं विमान म्हणजे बेंगळुरूच्या राज हंस अल्ट्रालाइट्सचं ‘एक्स-एअर’. जोएल कोशलँ या फ्रेंच गृहस्थांनी १९८० मध्ये हा उद्योग सुरू केला. एक्स-एअरचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, बोल्टने जोडलेला. दोन आसनं शेजारीशेजारी, पंख डोक्यावर, इंजिन पुढे उंचावर. पंखाचं डेक्रॉनचं कापड शिवूनच येतं. उशीला अभ्रा चढवावा तसं ते पंखावर ओढायचं आणि ताणून बांधायचं. एका सुधारित आवृत्तीचं नाव चक्क ‘हनुमान’ आहे. या विमानाची किट फ्रान्स-ब्रिटनपर्यंत गेली आणि तिथल्या हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजांत ती जोडली.

ब्रिटनमध्ये ते जोडलेलं विमान लगेच उडवता येत नाही. तिथल्या हौशी वैमानिकांच्या संघटनेने नेमलेला तपासनीस गॅरेजात येतो. कापड चढवण्याआधी सांगाडा पाहतो, बोल्ट पाहतो, सुकाणूच्या तारा ओढून पाहतो आणि बांधणीच्या वहीत सही करतो. ती सही नसेल तर विमान जमिनीवरच राहतं. बांधणाऱ्याने कितीही जीव ओतलेला असो, त्याचे डोळे त्या कामाला सरावलेले असतात आणि सरावलेल्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही.

या शहाणपणाची किंमत जगाने माणसांच्या जिवाने मोजली आहे. १९३३ मध्ये आंरी मिन्ये या फ्रेंच माणसाने एक चिमुकलं विमान बनवलं. ‘आकाशातली ऊ’ असं त्याचं लाडकं नाव. खोकं ठोकता येणाऱ्या कुणालाही ते बांधता येईल, असा त्याचा विश्वास होता. पुढच्या वर्षी त्याने बांधणीचं पुस्तक काढलं आणि युरोपभर शेकडो घरांत कामं सुरू झाली. १९३५ मध्ये तो स्वतः त्यात बसून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. मग अपघात सुरू झाले. विमान नाक खाली करून झुकायचं आणि पुन्हा वर यायचंच नाही. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये पूर्ण आकाराचं विमान वायुबोगद्यात ठेवून पाहिलं, तेव्हा कारण कळलं. पुढचा पंख आणि मागचा पंख एकमेकांच्या फार जवळ होते. नाक वर करायला वैमानिक पुढच्या पंखाचा कोन वाढवी, तेव्हा दोन पंखांमधल्या फटीतून हवा जोराने निघून मागच्या पंखाची उचल वाढवी. शेपूट वर जाई आणि नाक आणखी खाली. वाचण्यासाठी जे करायचं तेच बुडवत होतं. आराखडा कुणी त्रयस्थाने आधी तपासला असता तर ती माणसं वाचली असती, असं मला राहून राहून वाटतं.

महायुद्धानंतर लोकांनी घरी विमानं बांधणं सोडलं नाही, पण एकेकट्याने बांधणं सोडलं. १९५३ च्या जानेवारीत अमेरिकेत मिलवॉकीला पॉल पोबरेझ्नी यांनी अशा बांधणाऱ्यांची संघटना काढली. आज तिचे सभासद दोन लाखांच्या वर आहेत. दर उन्हाळ्यात ऑशकॉशला त्यांची जत्रा भरते आणि घरी बांधलेली विमानं रांगेने उभी राहतात. जत्रेइतकंच महत्त्वाचं आहे ते गावोगावच्या शाखांमधलं काम. आधी विमान बांधलेला सभासद नव्या सभासदाकडे जातो, त्याचे रिव्हेट पाहतो, चुकलेलं दाखवतो. पैसे घेत नाही. सरकारचा नियमही सोपा ठेवलेला आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेलं असलं पाहिजे, आणि पहिले २५ किंवा ४० तास सरकारने ठरवून दिलेल्या मोकळ्या प्रदेशावर, प्रवासी न घेता, चाचणीसाठी उडवलं पाहिजे. प्रमाणित इंजिन आणि पंखा असेल तर २५, नाहीतर ४०.

किट देणारा कारखानाही चुकतो, हे २०२३ मध्ये दिसलं. अमेरिकेच्या ओरेगॉनमधली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही जगातली सर्वांत मोठी किट कंपनी. तिने काही भागांची भोकं लेझरने पाडायला सुरुवात केली होती. बांधणाऱ्यांनी रिव्हेटसाठी त्या भोकांच्या कडा दाबल्या, तेव्हा काही ठिकाणी बारीक चिरा दिसू लागल्या. त्यांनी त्या लपवल्या नाहीत, कंपनीला विचारलं आणि एकमेकांना सांगितलं. ते भाग बदलून देण्याचा बोजाही पडला आणि त्या डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पुढच्या वर्षी ती सावरली. एका गॅरेजात भिंगाखाली पाहणाऱ्या माणसाने पकडलेली ती चीर होती.

आता आपल्याकडचं. घरी बांधलेल्या विमानाचं नाव काढलं की महाराष्ट्रात कॅप्टन अमोल यादव यांचंच नाव येतं, आणि ते योग्यच आहे. मूळचे साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले, त्या वेळी जेट एअरवेजचे वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये एकत्र कुटुंबाच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं. त्याआधी त्यांचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते. हे तिसरं विमान दोन नव्हे, सहा आसनांचं. म्हणजे या लेखातल्या अतिहलक्या विमानांपेक्षा पुष्कळ मोठं आणि पुष्कळ कठीण. लिफ्टमध्ये न मावणारे भाग जिन्याने वर चढवायचे, पावसाळ्यात सगळं झाकायचं, आणि नोकरीतून सुट्टी मिळेल त्या दिवशी पुन्हा हातात पाना घ्यायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा ते विमान सुटं करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवलं आणि तिथे मांडलं. लोक पाहायला लोटले.

विमान तयार होतं, पण नोंदणी नव्हती. २०११ मध्ये त्यांनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे अर्ज केला होता. २०१४ मध्ये नियम बदलले आणि एकट्या व्यक्तीने प्रायोगिक विमान बांधण्याची वाटच राहिली नाही. मग कंपनी काढावी लागली. २०१७ च्या नोव्हेंबरात ‘व्हीटी-एनएमडी’ या अक्षरांनी विमानाची नोंद झाली. २०१८ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारबरोबर पालघर जिल्ह्यात विमान कारखाना काढण्याचा ३५,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीची उड्डाणं झाली. अर्जापासून उड्डाणापर्यंत नऊ वर्षं.

मला या नऊ वर्षांचा राग येतो, आणि तो कुणा एका अधिकाऱ्यावर नाही. महासंचालनालयाने सावध असायलाच हवं. गच्चीवरचं विमान कुणाच्या डोक्यावर पडणार नाही, याची खात्री करणं हे त्यांचं काम आहे. पण त्या खात्रीचा रस्ता टप्प्याटप्प्याचा असायला हवा होता: आज सांगाडा तपासला, पुढच्या महिन्यात सुकाणू, मग इंजिन. आपण तसा रस्ता बांधला नाही. आधी नाही म्हटलं, नंतर हजारो कोटींचा करार केला. दोन्हींच्या मधली गोष्ट, म्हणजे पान्याला पाना लावून पाहणारा, बांधणी कळणारा तपासनीस, ती राहूनच गेली. यादवांच्या वाट्याला टाळ्या भरपूर आल्या. त्यांना दहा वर्षांपूर्वी दर महिन्याला गच्चीवर येणारा एक माणूस मिळायला हवा होता.

टाळ्यांची आपली सवय जुनी आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. त्या उड्डाणाची मोजमापं नाहीत, आराखडा नाही, वही नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी ही कथा जोडली जाते, त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासून दाखवलं. तळपदे यंत्राचे खरे वेडे होते, यात मला शंका नाही. त्यांची आठवण ठेवायची तर मला ती गोष्टीपेक्षा वहीने ठेवलेली आवडेल.

खऱ्या उड्डाणांची आपल्याकडे वाण नाही. १९८८ मध्ये मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया एकटेच अतिहलकं विमान घेऊन लंडनहून निघाले आणि २३ दिवसांनी अहमदाबादला उतरले. त्यांचं ‘शॅडो’ हे विमान डेव्हिड कुक या इंग्रज माणसाने रचलेलं, दोन आसनी, एकामागे एक बसण्याचं. त्याची घरी बांधायची किटही मिळत असत. वाळवंट, समुद्र, सगळ्यावरून ते आलं.

आता समजा, पेणच्या एखाद्या शेडमध्ये किटचं खोकं उघडलं. रोह्याचा एखादा निवृत्त फिटर आणि पेणचा एखादा फायबरवाला एकत्र आले. त्यांना पहिला अडथळा येईल तो पावसाचा. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दमट हवेत इपॉक्सी नीट वाळत नाही, तिच्यावर पांढरट, मेणचट थर येतो आणि त्यावर घातलेला दुसरा थर धरत नाही. म्हणून काचतंतूंचं काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. पावसाळ्यात सांगाडा, तारा, इंजिन. खाडीची खारट हवा अॅल्युमिनियमला पांढरी बुरशी आणते. तेव्हा नळ्या अॅनोडाइज केलेल्या हव्यात, आणि जिथे पोलादी बोल्ट अॅल्युमिनियममधून जातो तिथे गंजरोधक लेप. धाटावमध्ये रसायनांच्या पाइपांवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगायला नको. उन्हाने डेक्रॉनचा धागाही कुजतो, म्हणून विमान कायम छपराखाली.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. या जातीच्या विमानांत सर्वांत जास्त दिसणारं इंजिन म्हणजे ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२, ८० किंवा १०० अश्वशक्तीचं. ते मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, हीच त्याची मोठी सोय. पण कंपनी दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं सांगते, आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. गाडीचं इंजिन अडखळलं तर माणूस कडेला थांबतो. विमानाला आकाशात कडा नसते. आपल्याकडे हौशी बांधणाऱ्यांची संघटना असती तर हे दुखणं तेल कंपन्यांपर्यंत केव्हाच पोचलं असतं.

मग जागा. एक्स-एअरसारख्याला उडायला आणि उतरायला दोनशे मीटरची गवताळ पट्टी पुरते. पेणच्या खारेपाटात सपाट जमीन पाहावी तेवढी आहे, पण ती भाताची आहे. थोड्या-थोड्या पावलांवर बांध, आणि कापणीनंतरही वरून कोरडी दिसणारी, आतून ओली. बांध फोडून धावपट्टी करा, असं मी कधीच म्हणणार नाही. रोह्याकडे कुंडलिकेच्या काठची माळजमीन त्याहून टणक. तिथे मात्र दोन्ही अंगांना डोंगर आहेत आणि दुपारी त्यांच्यावरून उतरणारा वारा हलक्या विमानाला पानासारखा हलवतो. म्हणून उडायचं ते सकाळी, नऊच्या आत.

आणि आकाश. नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालं, डिसेंबरात तिथून उड्डाणं सुरू झाली. तो रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात, म्हणजे पेणपासून हाकेच्या अंतरावर. पलीकडे उरणचे तेल-वायू प्रकल्प, तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र. मुंबई पोलीस तर मायक्रोलाइट, पॅराग्लायडर आणि ड्रोन यांच्यावर मनाई हुकूम वारंवार काढतात. २६/११ पाहिलेल्या शहराला मी यासाठी दोष देणार नाही. पेणच्या आकाशात हौशी विमानाला जागा नाही, हे मान्य करावं लागेल. पण विमान पेणला बांधून उडवायला धुळ्याला नेता येतं. पंख सुटे करून टेम्पोत घालायचे. पेणचे गणपतीही इथे बनतात आणि हजारो कोसांवर जाऊन पुजले जातात.

१ जानेवारी २०२५ पासून देशात नवा ‘भारतीय वायुयान अधिनियम’ लागू झाला. १९३४ चा जुना कायदा त्याने मोडीत काढला. नव्या कायद्यात विमानाची रचना आणि निर्मिती यांचा विचार आहे. त्याखालचे नियम ठरताना घरी बांधणाऱ्याला एक छोटं कलम मिळावं: वजनाची मर्यादा, टप्प्यांची तपासणी, आणि तपासणीचा अधिकार निवृत्त विमान-अभियंते, हवाई दलातले जुने तंत्रज्ञ अशा माणसांना. मुंबई-पुण्यात असे लोक शेकड्यांनी आहेत. त्यातला एकजण महिन्यातून एकदा एसटीने पेणला उतरू शकतो.

तो शेवटचा उतरेल तो वजनाच्या दिवशी. विमान पुरं झालं, रंग वाळला, की त्याच्या तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवतात. पेणच्या बाजारात पोह्या-तांदळाच्या व्यापाऱ्यांकडे असे काटे आहेत. वैधमापन खात्याचा निरीक्षक ठरलेल्या मुदतीने येऊन त्यांवर शिक्का मारतो, तो शिक्का आधी पाहायचा. शेडची दारं बंद करायची, वारा नको. विमान पाणपातळीने सपाट करायचं. मग तीन आकडे वाचायचे: नाकाचं चाक, डावं, उजवं. चाकांची अंतरं मोजून गुणाकार करायचा आणि गुरुत्वमध्य कुठे पडतो ते काढायचं. तो ठरलेल्या हद्दीच्या चार बोटं मागे सरकला तरी विमान नाक वर करून बसतं आणि ऐकत नाही. फिटर आकडे वाचेल, फायबरवाला लिहील. मग दोघं जागा बदलतील, आकडे पुन्हा वाचले जातील, आणि वहीच्या त्या पानाखाली तपासनीसाच्या सहीसाठी जागा सोडलेली असेल.